शरीने आगळ खाली टाकली होती

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. सकाळी डब्याची भाजी फोडणीला टाकत होते, तेवढ्यात नलूचा फोन आला. नलू कधी आपणहून फोन करत नसे, मिस्ड कॉल द्यायची, मग मी करायचे. म्हणाली, "सुमे, शरीच्या डोक्यात घातलं गं…" मी विचारलं, "कुणी? आणि तो मेला जिवंत आहे ना अजून?" शरीवर हात टाकणाऱ्याची काय गत होते ते मला ठाऊक, म्हणून आधी तेच तोंडून निघालं. नलू म्हणाली, "ती उठत नाहीये." भाजी तशीच करपली. मी धारहून नलूच्या सासरी कन्नौदला पोचले तेव्हा शरीला इंदूरला हलवलं होतं, आणि इंदूरला पोचले तेव्हा हलवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शरयू, आमची शरी, देवासची. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यावर सुपरवायझर होती. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा गळा असा झाला होता, की ती कुजबुजली तरी शेजारच्या घरात कळायचं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत देवासमध्ये मी एकच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेराव्याच्या पंगतीत तिचा एक लांबचा काका जिलेबी वाढून घेत म्हणाला, "वो तो थी ही ऐसी. पोरीचा हात आधी चालला असणार." मी म्हटलं, "काका, जेवा. आणि जेवून झालं की उठा." तर बाबांनो, तिचा हात चालायचा. किती चालायचा, कुणावर चालायचा, ते सगळं मीच सांगते. मागाहून कुणी मला शहाणपणा शिकवायला नको.

कॉलेजात आम्ही तिघी. मी धारची, हॉस्टेलवर राहायचे. नलिनी हाटपिपल्याची, तिचे वडील देवळात पूजा सांगायचे, पोर इतकी सोवळ्यातली की वर्गात हजेरी देतानाही लाजायची. आणि शरी. एकदा नलूच्या घरी सणाला निघालो होतो. बसमध्ये एक जण नलूच्या अंगाला घासून उभा राहिला. नलू खिडकीकडे सरकत सरकत पत्र्याला चिकटली. शरी त्याला गोडीत म्हणाली, "भिया, जरा सरको." तो हसला. शरीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या नाकावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. रक्ताची चिळकांडी नलूच्या ओढणीवर. कंडक्टर ओरडत आला तर शरी त्यालाच म्हणाली, "इसको उतारो, अभी तो डब्बे का ढक्कन बाकी है." पुढचा सगळा रस्ता ती बाटलीतल्या पाण्याने नलूची ओढणी चोळत बसली. हे मात्र लोकांना दिसत नसे. मारून झालं की ती असंच काहीतरी निस्तरत बसायची.

हे सगळं ती घरातच शिकली. वडील प्यायले की काकूंना, म्हणजे शरीच्या आईला, केस धरून ओसरीवर ओढत आणायचे. भिंतीवर डोकं आपटायचे. गल्लीतली माणसं दारं लावून घ्यायची, घरचा मामला म्हणून. अकरावीत असताना एका दुपारी शरीने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि बापाच्या दंडावर हाणलं. हात दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर त्या माणसाने मरेपर्यंत काकूंना बोटही लावलं नाही. आणि प्लास्टर होतं तोवर त्याला भात कालवून भरवला तोही शरीनेच. मी विचारलं, "राग नाही येत?" तर म्हणे, "येतो ना. म्हणून तर मोठे मोठे घास देते, ठसका लागला पाहिजे." अशी होती ती. हसावं की रडावं कळायचं नाही.

कॉलेज संपल्यावर तिघींचं ठरलं, दर उन्हाळ्यात एकदा कुठेतरी जायचंच. पहिल्या वर्षी मांडूपलीकडे कुणी जाऊ देईना, तर मांडूलाच गेलो. मग ओंकारेश्वर, महेश्वर, पुढे एकदा थेट कोकण. तिथे आमचं मराठी ऐकून खानावळवाली म्हणाली, "तुम्ही हिंदीवाल्या असूनही छान बोलता हो." शरी तिच्याशी भांडायला उठली, आमचे पणजोबा देवासच्या पवारांच्या दरबारात होते वगैरे. मी तिला हाताला धरून खाली बसवली आणि सोलकढी पाजली. प्रवासाच्या शेवटच्या संध्याकाळी आमचं एक असायचं, त्याला आम्ही 'सांगणं' म्हणायचो. वर्षभरात जे कुणाला सांगितलं नाही ते सांगायचं. एक बोलेल तेव्हा बाकीच्या दोघींनी चूप बसायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. माझं सरदारपूरच्या शाळेतलं रडगाणं, माझं मोडलेलं लग्न, शरीने नाकारलेली स्थळं, सगळं त्यात निघालं. नलूचं लग्न कन्नौदला झालं होतं, धान्याची आडत, मोठं घर. तिचं सांगणं दर वर्षी एवढंच असायचं: "आमच्याकडे सगळं ठीक आहे."

या उन्हाळ्यात पचमढीला गेलो. शेवटच्या संध्याकाळी नलूची पाळी आली तेव्हा तिने काही सांगितलं नाही. आमच्याकडे पाठ करून ब्लाउज वर सरकवला. मी डोळे मिटले… खोटं कशाला बोलू, पाहवलं नाही. पट्ट्याचे वळ, जुने आणि ताजे, एकावर एक, आणि खाली कमरेशी तापल्या उलथण्याचा डाग, अजून ओला. भाजीत मीठ जास्त पडलं होतं म्हणे. नियमाप्रमाणे मी गप्प. मला वाटलं, शरी आता आकाशपाताळ एक करणार. पण ती उठली, नलूचा ब्लाउज हलकेच खाली ओढला, आणि तिच्या मागेच बसून राहिली. मग म्हणाली, "नले, मी उद्या तुझ्यासोबत उतरणार."

पचमढीहून परतताना कन्नौद वाटेतच लागतं. शरी उतरली, मला म्हणाली, "तू जा, तुला बघून नलूचा नवरा सभ्यपणा करेल." तिने नलूच्या सासूसमोर, भर चौकात, त्याला बजावलं की पुन्हा हात लावलास तर हात राहणार नाही. त्याने हसून "दीदी, चाय लो" म्हटलं. किती मिठ्ठास माणूस! आडतीवर सगळे त्याला देवमाणूस म्हणत. पुढे दोनेक आठवडे सगळं शांत होतं. मग त्याने नलूची दोन बोटं दाराच्या फटीत घालून दार लोटलं. नलूने उजाडता उजाडता शरीला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक मागणं मागितलं: "मला घेऊन जा."

त्या सकाळी काय झालं ते नलूने मला आणि काकूंना सांगितलं, इंदूरहून शरीला आणल्यानंतर, काकूंच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून. आम्ही दोघी मध्ये बोललो नाही. शरी गेली तेव्हा नलूची बॅग भरलेली होती. दोघी जिन्याशी आल्या तर हा दाराची लोखंडी आगळ घेऊन उभा. पहिला घाव नलूच्या खांद्यावर बसला, ती कोसळली. दुसरा घाव शरीने वरच्यावर धरला. झटापट झाली. शरीने आगळ हिसकली आणि त्याच्या तोंडावर ठेवून दिली. दात पडले, ओठ फाटला, तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हात जोडून रडायला लागला. "दीदी, बस. दीदी, माफ करो." शरीने त्याच्याकडे पाहिलं. आगळ तिच्या हातात होती. आणखी एक घाव आणि सगळं संपलं असतं, आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, मी असते तर घातला असता! तिने आगळ खाली टाकली. त्याच्याकडे पाठ केली. नलूची बॅग उचलायला वाकली… आणि त्याने मागून येऊन तीच आगळ तिच्या डोक्यात घातली. एकदा नाही. ती पडल्यावरही घालत राहिला. नलू म्हणाली, "नारळ फोडतात तसा आवाज होता गं." काकू उठल्या, गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसल्या.

आता सासूचा जबाब ऐका. बाई पोलिसांना सांगते, पोरगी आगळ घेऊन माझ्या मुलाच्या अंगावर धावली, त्याचे दात पाहा, त्याने जीव वाचवायला ढकलली, ती जिन्यावर आपटली. आणि अख्खं देवास मान डोलावतं, कारण शरीने बसमध्ये कुणाचं नाक फोडलं ते सगळ्यांना पाठ आहे. बापाचा हात मोडला ते पाठ आहे. जन्मभर जिने दुसऱ्यांसाठी हात उचलला, तिने जिथे हात आवरला तेवढंच कुणाला ठाऊक नाही. ते पाहिलं एकट्या नलूने.

आणि नलू पोलिसांपुढे काय बोलली होती? काही नाही. दवाखान्यात खाटेवर असताना लेडी कॉन्स्टेबलने विचारलं, किसने मारा? ही म्हणाली, "घर में हुआ." नाम बताओ. ही गप्प. आमच्याकडे जुन्या घरांतून बायका अजूनही नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नलू तर त्याही पुढची, त्याच नावाचा दूधवाला होता तर त्याला 'दूधवाले भिया' म्हणायची. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईने सांगितलेलं. कागदावर त्यांनी लिहून टाकलं, कुणाचं नाव सांगत नाही. सासरकडच्यांना तेवढंच हवं होतं. तिचा दीर देवासला येऊन काकूंच्या ओसरीवर बसला, नलूच्या पायांत घुटमळला, "वहिनी, घर वाचवा. फक्त म्हणा, मी बेशुद्ध होते, काही पाहिलं नाही." वर नलूच्या वडिलांचा हाटपिपल्याहून फोन, की मुली, झालं ते झालं, सौभाग्य तेवढं राखून ठेव. सौभाग्य! मी फोन ओढून घेतला आणि काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

नलूला मात्र मी काही म्हटलं नाही. काकूंनीही नाही. त्यांची एकुलती एक लेक गेली होती, त्यांनी नलूचे पाय धरले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्या रोज तिच्या मोडक्या बोटांना हळद लावायच्या, पोळीचा तुकडा हातात द्यायच्या, आणि तो विषय काढायच्या नाहीत. मी एकदा स्वयंपाकघरात धुसफुसले तर मला म्हणाल्या, "तिला इतकी वर्षं सगळ्यांनी चूप बसायला लावलं. आता आपण तिला बोलायला लावायला नको."

न्यायाधीशांपुढे जबाबाचा दिवस आला. आत फक्त साक्षीदाराला घेतात, दार लोटून घेतात. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात बाकावर. समोर दीर आणि त्याचा वकील, सुपारी चघळत. नलू आत गेली तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मान खाली. बराच वेळ आतून काही ऐकू येईना. हिचा आवाज टेबलापलीकडे पोचत नाही, हिचं कोण ऐकणार? आणि मग आतून तिचा आवाज आला. हिंदीत, स्पष्ट, असा चढा की व्हरांड्यातले शिपाई वळून बघायला लागले. तिने नवऱ्याचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. "इन्होंने मारा. शरयू ने डंडा फेंक दिया था. उसकी पीठ थी इनकी तरफ. वो मेरी बैग उठा रही थी." आत कुणी तरी काही विचारलं असावं, कारण तिने ते नाव पुन्हा घेतलं, आधीपेक्षा मोठ्याने. दिराची सुपारी थांबली. काकूंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पेपरात छापून यावं एवढी त्याची लायकी नाही.

खटला चालेल, वर्षं लागतील, वकील काय काय विचारतील, सगळं कळतं मला. शरीला हा लेख दाखवला असता तर म्हणाली असती, "सुमे, इतकं लंबं कोण वाचणार, शॉर्ट में बता." शॉर्टमध्ये एवढंच, की तिने आगळ खाली टाकली होती.

नलू आता काकूंकडेच राहते, शरीच्या खोलीत. त्या खोलीच्या दाराला आतून दोन कड्या आहेत. एक जुनी, आणि एक जाडजूड, जराशी तिरकी, शरीने मुसळ उचलण्याआधीच्या दिवसांत स्वतः ठोकून बसवलेली. बापाचं डोकं फिरलं की आईला आत ओढून लावायला. नलू आल्यापासून दोन्ही कड्या लावूनच झोपायची, दुपारीसुद्धा, आणि काकू चहाला हाक मारायच्या तर ती दचकून उठल्याचं बाहेर ऐकू यायचं. जबाब देऊन आलो त्या दुपारी ती हातपाय धुऊन थेट आत गेली. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले, काकूंनी मला उंबऱ्यातच अडवलं. नलू शरीच्या पलंगावर तोंड उघडं टाकून घोरत होती, आणि दार सताड उघडं होतं.