पाळण्यातला तोफगोळा

पेशवाईच्या अखेरच्या लढाईत हरलेली फौज आमच्या शिवारातून गेली, असे जुने लोक सांगत. १९५९ साली आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मनावर घेतले की ती वाट कायमची दाखवून ठेवायची आणि गावात सापडलेल्या जुन्या वस्तू शाळेत काचेच्या कपाटात मांडायच्या. गाव घाटंजीपासून पाच मैल. मोजमापाची मला आवड, म्हणून साखळी माझ्या हाती आली.

वाट दाखवायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे म्हातारे नाईक आले. त्यांचे वाडवडील त्याच वाटेने बैलांवर धान्य लादून फौजेला पोचवत.

"कोणत्या फौजेला?" हेडमास्तरांनी विचारले.

"ज्याले भूक लागली त्याले. दोन्हीकडच्याइले पोट होतंच ना, गुरुजी."

नाल्यापासून आंबराईपर्यंत आम्ही चुना लावलेले अकरा दगड रोवले.

कपाटासाठी कोणी तलवारीची मूठ दिली, कोणी घोड्याची रिकीब. मी आमच्या घरचा तोफगोळा दिला. आजोबांच्या नांगराला लागलेला, साडेतीन इंच व्यासाचा, नव्या वजनात दोन किलो सातशे ग्रॅम. वस्तूंचे रजिस्टर मीच आखले आणि वर नियमही मीच लिहिला : दिलेली वस्तू परत मिळणार नाही. लोक आज देतात, उद्या मागतात, हे मला ठाऊक होते.

घरी सांगितले तेव्हा बायको चूल फुंकत होती. ती तशीच वळली.

"मले इचारलं काय तुमी?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. आमच्या घरी वरवंट्याऐवजी हा गोळा ठेवायची रीत होती. कुंची घालून, काजळाचे डोळे काढून, पाळण्याखालून-वरून फिरवून तो आधी निजवायचा, मग मूल. मी त्याच्यामागून निजलो, माझी मुलेही. मुलगी आठव्या महिन्यात बाळंतपणाला आलेली होती. तिचे पहिले मूल सासरी झाले, तिथे वरवंटाच ठेवला होता, आणि ते चौथ्या महिन्यात गेले.

"वरवंट्यानं पोर जात नाही," मी म्हणालो.

"मले मालूम आहे. तिले सांगा."

मुलगी दारातच उभी होती. "राहू द्या बाबा. शाळेतच ठेवा," एवढे बोलून ती आत गेली. त्यानंतर ती जेवायला बसायची आणि भाकरीचे तुकडे करत राहायची. तीन दिवस मी पाहिले. अर्धी भाकरीही पोटात जात नव्हती.

चौथ्या दिवशी मी शाळेत गेलो. नाईकही तिथे बसलेले होते. मी अडखळत हकीकत सांगितली. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवले.

"हा नियम कोणाच्या हातचा?"

"माझ्याच."

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा."

मी ती ओळ पुन्हा वाचली. नाईक मात्र हसायला लागले. "गुरुजी, फौज परत मांगाले आली तं देऊन टाकू गोळा. तवरक लेकराच्या कामी येऊ द्या. कपाटात पडून तो काय करून राह्यला?"

हेडमास्तरही हसले. गोळा उसना द्यायचे ठरले. नोंद करायची असा आग्रह मीच धरला.

नात झाली. बाराव्या दिवशी हेडमास्तर स्वतः गोळा फडक्यात बांधून घेऊन आले. त्यावर शाळेची चिठ्ठी चिकटवलेली होती. बायको ती नखाने खरवडू लागली.

"काढू नको, क्रमांक जाईल," मी म्हणालो.

"क्रमांक घ्या मांडीवर अन् जोजवा!" ती म्हणाली. बारशाला आलेल्या बायका खो खो हसल्या. चिठ्ठी राहिली, तिच्यावरून कुंची बांधली. मुलीने गोळा दुसऱ्या कोणाला उचलू दिला नाही. स्वतः निजवला, त्याच्यावरून हात फिरवला आणि मग शेजारी आपली लेक ठेवली.

संध्याकाळी मी गोळा न्यायला उठलो. एका दिवसाचीच नोंद होती.

"बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "चार महिने होऊ द्या ना."

मी शाळेत एकटाच गेलो. परतीची तारीख खोडली आणि नवी घातली नाही. असा रकाना मी आयुष्यात दुसरा कोरा ठेवलेला नाही.

चार महिने झाले, पाचवाही सरला. सासरी निघायच्या सकाळी ती आपण होऊन शाळेत गेली, एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात गोळा. मी मागून चालत होतो. "आण, मी धरतो," असे दोनदा म्हणालो; तिने दिला नाही. हेडमास्तरांच्या टेबलावर तिने तो अलगद ठेवला. कडेवरच्या नातीने लगेच वाकून त्यावर दोन्ही हात टाकले आणि सोडीना. एकेक बोट सोडवताना मुलगी हसत होती.