चौथा खांब

माझ्या सासऱ्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत. सोळा वर्षांत एकदाही नाही. पुष्कळ दिवस मी हे चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायचो. आता सांगत नाही.

मी सांगलीचा. चेन्नईत मोटारींच्या कारखान्यात नोकरी करतो. बायको इथलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. सासूबाई गेल्यावर सासरे मैलापूरचं घर सोडून अड्यारला आमच्याकडे राहायला आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वयानं ऐंशीच्या पुढे, एका पायात जोर कमी. त्यांची अट एकच होती. सोवळ्याचं धोतर ते स्वतः धुणार आणि स्वतः वाळत घालणार. पूजेआधी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, ज्या दिवशी अप्पांना हे जमणार नाही, त्या दिवशी ते अंथरूण धरतील. मलाही तसंच वाटत होतं.

वाळत घालायची दोरी गच्चीच्या पार टोकाला होती. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, आणि अप्पांच्या खोलीला लागून गच्ची. इथल्या उन्हात फरशीवर पाय ठेववत नाही, म्हणून आधीच्या मालकानं तिच्यावर लाकडी डेक करून घेतला होता. खाली वासे, वर फळ्या, फरशीपासून दीड वीत उंच. कडेला कठडा मात्र नव्हता. अप्पांच्या एका हातात बादली असायची. दुसऱ्या हाताला धरायला काहीतरी हवं होतं.

एका आसारीला, म्हणजे इथल्या सुताराला, बोलावलं. चार खांब आणि वरून एक आडवी पट्टी असं ठरलं. सगळा डेक उचकटायला नको म्हणून खांब वरूनच बसवायचे होते. खांबाच्या पायाला लोखंडी प्लेट, ती फळीवर ठेवून पान्यानं स्क्रू आवळायचे. प्लेटमुळे लाकूड फळीपासून जरासं वर राहतं आणि पावसाचं पाणी त्यात मुरत नाही. आसारी फळ्यांवर बोटानं टकटक करत टोकापर्यंत गेला.

"सार, तीन खांब बरोबर वाशावर येतात," तो म्हणाला. "चौथा दोन वाशांच्या मधे येतो. तिथं नुसती फळी आहे. दोन फळ्या काढून खाली ठोकळा घालू. स्क्रूला धरायला काहीतरी पाहिजे ना."

त्यानं खांब तयार करून आणून दिले आणि बसवायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. मला कुठला दम निघायला! बोल्ट किती आवळायचा हे चार लोकांना शिकवून मी पोट भरतो, आणि हा मला पकड शिकवणार. रविवारी मीच बसलो. तीन खांब वाशांत छान घट्ट बसले. चौथ्याला मी जास्त लांब स्क्रू वापरले. त्यांची टोकं फळीच्या खाली हवेत लोंबणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण खांब उभा राहिला, हलवला तर हलला नाही. मी पट्टी ठोकली, पॉलिशचा हात दिला.

अप्पा दारात खुर्ची टाकून दिवसभर बघत होते. काम झाल्यावर ते उठले, पट्टीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक. "फार कष्ट केलेत, मापिळ्ळै." जावयाला ते अशी तमिळमधूनच हाक मारत. मी खूश होऊन कठड्याचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकले.

पुढचा पावसाळा गेला, उन्हाळा आला. एका सकाळी गच्चीवर बादली आदळली. मी धावलो तर अप्पा तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधे आडवे पडलेले, उजवं मनगट अंगाखाली, शेजारी ओल्या धोतराचा बोळा. मला तेव्हा कळवळा यायला हवा होता. राग आला.

"हात कुठं होता तुमचा? कठडा कशाला लावलाय मी?" मी ओरडलो. ऐंशीच्या पुढच्या, फळ्यांवर पडलेल्या माणसावर ओरडलो.

"चुकलें माझें," अप्पा म्हणाले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणल्यावर बायको त्यांच्यापाशी बसली आणि मी गच्ची पुसायला गेलो. तेव्हा मला पट्टी दिसली. पहिल्या खांबापासून तिसऱ्यापर्यंत पॉलिश पार उडालं होतं, रोजच्या ओल्या हातानं लाकूड काळपट झालं होतं. तिसऱ्याच्या पुढे पट्टी जवळजवळ नवीच होती. तिथं कुणाचा हात लागलाच नव्हता. मी चौथ्या खांबावर अंग टाकलं. तो हलत्या दातासारखा बाहेर कलला. 

आत जाऊन विचारलं, "अप्पा, तो खांब हलतो हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "पावसानंतर कळलें."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही सुटीच्या दिवशी उन्हांत बसून केलेत. त्याला नाव कसें ठेवायाचें? चार पावलें तर आहेत. सांभाळून जात होतों."

नंतर स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "आमच्यात जावयानं केलेल्यावर बोट ठेवत नाहीत. लग्नानंतर तू पहिल्यांदा सांबार केलंस, गूळ घालून, आठवतं? अप्पांनी दोनदा मागून घेतलं. मग मला हळूच विचारलं, त्यांच्या गावीं असेंच असतें काय?"

एरवी मी हसलो असतो. सोळा वर्षं मी ज्याला शाबासकी समजत होतो, ती पाहुण्याची बडदास्त होती. ती चार पावलं अप्पा रोज माझा मान राखत, काहीही न धरता चालत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं पोरकंही वाटलं.

आसारीला परत बोलावलं. "मी सांगितलं होतं" हे ऐकायची तयारी ठेवली होती, पण तो सरळ कामाला लागला. त्यानं दोन फळ्या काढल्या. खाली माझे स्क्रू गंजून लोंबत होते. त्यानं दोन वाशांच्या मधे जाड ठोकळा पक्का केला, फळ्या परत घातल्या आणि प्लेटमधून स्क्रू थेट त्या ठोकळ्यात उतरवले. मी शेजारी बसून तो मागेल ते हातात देत होतो.

ते सहा आठवडे अप्पांचं धोतर मी धुतलं, मीच वाळत घातलं. म्हणजे सोवळं कसलं राहिलं! तरी ते रोज म्हणायचे, "सरी." तो शब्द मला ऐकवेनासा झाला होता.

प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना गच्चीवर घेऊन गेलो आणि चौथ्या खांबापाशी उभं केलं. म्हटलं, "जोर लावून हलवा, आणि काय ते खरं सांगा."

त्यांनी डाव्या हातानं खांब हलवून पाहिला. "सरी."

"सरी नको, अप्पा. वर्गात पोरांचं गणित चुकलं तर सरी म्हणत होता का?"

त्यांनी खांब सोडला. मग पट्टी धरत धरत मागे फिरले, दुसऱ्या खांबापाशी थांबले आणि त्याला दोनदा ढकललं.

"हा जरा हालतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मी आतून पाना आणला आणि त्या खांबाच्या पायाशी गुडघे टेकून बसलो. एक स्क्रू खरंच पाव फेरा ढिला होता. अप्पांनी पट्टीवरचा हात काढून घेतला, मला काम करता यावं म्हणून. आता त्यांनी काहीच धरलेलं नव्हतं. मग त्यांचा तो नुकता बरा झालेला हात माझ्या खांद्यावर आला, आणि हळूहळू त्यांचा सगळा भार आला.

"अजून आवळा," ते म्हणाले.

काम पाव फेऱ्याचं होतं. मी त्याला खूप वेळ लावला.