वाटीतली खारी

भट्टी सोडून बारा वर्षं झाली, तरी बेकरीच्या गोष्टी संपत नाहीत. पूर्वी सांगायला आम्ही आठजण होतो. आता मी आणि भट्टीवाला बाबू मुल्ला. तो कबनूरला मुलाकडे राहतो, गुरुवारी एसटीने कोल्हापूरला येतो. बाकीचे सहा दिवस मी गोष्टी मनातच सांगतो.

*

माझा मुलगा पोर्तुगालला हॉटेलात कामाला. एकदा फोनवर म्हणाला, "आबा, तुमच्या खारीसारखं इथं एक मिळतंय. वाटीएवढं, आत अंड्याचं कस्टर्ड. पोरगी रोज मागते."

नात मी फोटोतच पाहिलेली. मे महिन्यात सगळे येणार होते. मी ठरवलं, माझ्या घरात तिने ते माझ्या हातचं खायचं. मुलाला तेव्हा हे बोललो नाही. कृती तेवढी विचारली.

"साखर किती?"

"एक कप."

"कुणाचा कप?"

तो म्हणाला, "कप म्हणजे कप." टपरीवरचा कप आणि पाहुण्यांचा कप यांत दुपटीचा फरक, हे हॉटेलातल्या माणसाला कळू नये!

*

पीठ मला कुणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं खारी लाटली. इथं फक्त पट्ट्या कापायच्या नाहीत. पोळी गुंडाळायची, तुकडे करायचे आणि एकेक तुकडा ओल्या अंगठ्याने वाटीच्या कडेपर्यंत चढवायचा.

साचे नव्हते. बायकोच्या आमटीच्या सहा वाट्या होत्या. ती गेल्यापासून एकच वापरात होती. बाकीच्या पाच घासून काढल्या.

*

ओव्हनही नव्हता. बेकरीत विचारलं असतं तर मालक हो म्हणाले असते. उपकार नकोत, म्हणूनच विचारलं नाही. परसात विटा रचून, वर पत्रा टाकून भट्टी केली.

शेजारच्या शिवाप्पाअण्णांच्या घरात अंडं येत नाही. त्यांनी भिंतीवरून विचारलं, काय शिजतंय म्हणून. मी सांगितलं, "खरवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून रिकामा डबा आला.

गवळ्याकडे चीक मिळेपर्यंत चार दिवस मी परसात पाऊल टाकलं नाही.

*

पहिली खेप मी छान सोनेरी रंगावर काढली. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, वर काळे डाग पडायलाच पाहिजेत. म्हणजे करपवायचं! तीस वर्षांत माझ्या हातून एक ट्रे करपला नव्हता. तीनदा प्रयत्न केला. हात आपोआप आधीच पुढे जायचा.

गुरुवारी बाबू आला. म्हणाला, "तुला जमायचं न्हाय. तू तोंड फिरव, मी करपवतो."

बाबूने सगळी नोकरी करपवण्यापायी शिव्या खाल्लेल्या. मी तोंड फिरवलं. डाग अगदी बरोबर पडले.

*

मे महिन्यात मुलाला रजा मिळाली नाही. दिवाळीला तिकिटं मिळाली नाहीत. दोन्ही वेळा त्याने आधी कळवलं, त्यात त्याची चूक नाही. पण दिवाळीला, ते यायचे ठरले होते त्या दिवशी, मी सहा केली.

दुपारी फोन आला. मुलाने नातीच्या हातात दिला. तिचं मराठी तुटकं.

"आजोबा, केलं?"

"केलं. सहा."

"कोण खाल्लं?"

समोर ताटली होती. सहाच्या सहा तशीच.

म्हटलं, "तूच की. दोन खाल्लीस. तिसरं मागत होतीस, मी दिलं न्हाय. पोटात दुखतंय मग."

 

ती म्हणाली, "उद्या दे."