शाखाबदलाचा अर्ज

दहावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही केजमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वडील एसटीत कंडक्टर होते, धारूर आगाराला. आई आमच्या भागात आशा कार्यकर्ती होती. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, बाळांच्या लसीची आठवण करून द्यायची, असं तिचं काम. मला नव्वदच्या थोडे वर टक्के पडले आणि पुढचं सगळं ठरलं. ते कोणी ठरवलं, असं मात्र सांगता येणार नाही. पेढा घेताना शेजारणी आईला विचारायच्या, "सायन्सच ना?" आणि आई म्हणायची, "मग काय तर."

आमच्याकडे शाखा टक्क्यांवरून ठरते. जास्त पडले की सायन्स, कमी पडले की आर्ट्स. कॉमर्स कोणासाठी असतं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. बाजारपेठेतल्या दुकानदारांची मुलं ते घेतात, एवढंच ऐकून होते.

मी डॉक्टर व्हावं असं आईला वाटत होतं. त्यामागचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, कॉलेजात फॉर्म भरायला निघालो त्या सकाळी, माझी वेणी घालता घालता. काही वर्षांपूर्वी तिने एका बाईला बाळंतपणासाठी जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. कोणत्या, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाईचे पाय सुजले होते, डोकं दुखत होतं. आईने ते तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं? बाहेर थांबा." आई चार तास व्हरांड्यात उभी राहिली. बाई वाचली, बाळही वाचलं, पण आईला भीती होती तसे बाईला झटके आलेच.

"मी बरोबर बोलत हुते," आई म्हणाली. "मला दिसत हुतं ना समदं. पण आशाचं कोण ऐकतंय? तू बोललीस तर लोक ऐकत्याल माय."

मी सायन्सचा फॉर्म भरला.

सायन्सच्या पटावर बरीच नावं होती. त्यातली बहुतेक मुलं लातूरला किंवा अंबाजोगाईला खोली घेऊन क्लास लावून बसलेली, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती उगवणारी. मला लातूरला पाठवायचं आईच्या मनात होतं. वडील म्हणाले, एक वर्ष इथं काढू दे, मग बघू. म्हणून मी रोज कॉलेजात जाऊन बसायचे. वर्गात आम्ही सहा-सात जण असायचो, कधी तिघंच. सर दारातून डोकवायचे, बाकं मोजल्यासारखी नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून कोणी येतंय का बघू." मग ते परत येत नसत. त्यांचाही दोष होता असं नाही. तिघांना काय शिकवायचं, असं कोणालाही वाटलं असतं.

दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेले, आणि आता सायन्सची पुस्तकं इंग्रजी. जीवशास्त्र मला जमायचं. चित्रं असायची आणि बरेचसे शब्द आईच्या तोंडून ऐकलेले होते. भौतिकशास्त्राचं पुस्तक मात्र मी डिक्शनरी शेजारी घेऊन वाचायचे. शब्द कळायचा, वाक्य कळायचं नाही. पाठ करून पहिल्या चाचणीत मी पास झाले. काय लिहिलं होतं ते दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं.

शेजारचा वर्ग कॉमर्सचा होता. दोन्ही वर्गांमधली भिंत वर पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे तिकडचं बोलणं इकडे स्वच्छ ऐकू यायचं. तिथले सर पन्नाशीचे होते, मूळचे कडा गावाकडचे. अकरा मुलं होती त्यांच्याकडे आणि ते रोज यायचे. तास ठरल्या वेळी सुरू व्हायचा आणि ठरल्या वेळी संपायचा. हे मला नवीन होतं.

एक दिवस आमच्या वर्गात मी एकटीच होते. भिंतीपलीकडून सरांनी मुलांना विचारलं, "दुकानदाराच्या गोदामात पाणी शिरलं. चार पोती साखर विरघळून गेली. ती विकली नाही, कोणी चोरली नाही, कोणाला फुकट वाटली नाही. मग वहीत काय दाखवायचं?"

कोणीतरी म्हणालं, "काहीच नाही. गेली ती गेली."

"वहीला कसं कळायचं गेली ते?" सर म्हणाले. "वहीत तर पोती आहेतच की."

मी बाकावर बसल्या बसल्या विचार करत होते. शेवटी उठले आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आपण हे का करतोय असा प्रश्न तेव्हा पडला नाही.

"सर, नुकसान म्हणून लिहायचं," मी म्हणाले. "पण आधी मालातून कमी करायला पाहिजे. न्हाईतर गोदामात नसलेली साखर वहीत दिसत राहील."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू कोणत्या वर्गाची?"

"सायन्सची."

"मग आत ये. दारात कावून उभी?"

मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. तीन आठवडे असे गेले. सरांनी हजेरीत माझं नाव घेतलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. चौथ्या आठवड्यात तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. शाखा बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, अर्जावर पालकांची सही लागते, असं सांगितलं. "मी आग्रह करत नाही," ते म्हणाले. "इथं बसायला चांगलं वाटतंय एवढ्यावर बदलू नको. घरी विचार कर."

घरी मी विचार केला, पण बोलले नाही. तो मंगळवार होता. आई लसीकरणाच्या याद्या पसरून बसली होती आणि मधूनच मला विचारत होती, लातूरच्या कोणत्या क्लासचं नाव ऐकलंस का. मी न्हाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. वडिलांची गाडी साडेअकराला केजहून धारूरकडे निघायची. मी त्यांच्या गाडीत चढले, तेव्हा त्यांना वाटलं घरी काही झालं. "कोण आजारी हाय?" त्यांनी विचारलं. मी कोणी नाही म्हणाले आणि मागे जाऊन बसले. गाडी भरलेली होती. ते तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आले आणि पुढे गेले. धारूरच्या स्टँडवर सगळे उतरल्यावर ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. मी अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"सायन्स जमंना का?"

"जमवलं तर जमंल. पण मला हे करायचंय."

"ह्यात पुढं काय होतं?"

"बी.कॉम. होतं. मग ऑफिसात, बँकेत. सीए पण करता येतं."

"सर काय म्हणत्यात?"

"आग्रह नाही म्हणत्यात."

ते थोडे हसले. मग तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन, त्यावर अर्ज ठेवून त्यांनी सही केली. त्यांची सही मोठी आणि गोल होती, कागदाच्या रेघेबाहेर गेली. "तुझ्या आईला मी सांगतो," ते म्हणाले. "तू काय बोलू नको."

मी बोलले नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आज, उद्या, दिवाळीनंतर, असं करता करता ते राहूनच गेलं. पुस्तकं मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे ठेवायचे आणि घरी जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसायचे. आई शेजारून जाताना चित्रांकडे बघायची. एकदा तिने हृदयाच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ह्यातून रक्त वर जातंय का खाली?" मी सांगितलं. मला ते येत होतं. त्या दिवसांतलं हे मला अजूनही सहज सांगता येत नाही.

दिवाळीनंतर कॉलेजात मुलींच्या रक्ततपासणीचं पथक आलं. रक्त कमी असलेल्या मुली शोधून त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या होत्या. पथकात एक नर्सबाई होत्या आणि याद्या वाचायला दोन आशा. त्यातली एक माझी आई. आमच्या कॉलेजात जायचंय हे तिलाही आदल्या संध्याकाळी कळलं होतं. मला वाटतं, तिने मला मुद्दाम सांगितलं नाही. मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं.

व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. आधी आर्ट्सच्या मुली झाल्या, मग सायन्सच्या. सायन्सची यादी वाचताना आईने एकदा कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. माझं नाव त्यात नव्हतं. तिला वाटलं असेल यादीत चूक झाली. मग तिने पुढचा कागद घेतला आणि वाचलं, "अकरावी वाणिज्य." चौथं नाव माझं होतं. तिने ते वाचलं, आडनावासकट, जसं बाकीच्यांचं वाचत होती तसंच. फक्त शेवटी आवाज थोडा खाली आला.

मी पुढे जाऊन बोट दिलं. नर्सबाईंनी सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि आकडा सांगितला. आईने तो माझ्या नावापुढे लिहिला.

"रक्त कमी हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गोळी रोज घ्यायची. जेवल्यावर. चहासंगट न्हाई." आणि पुढचं नाव वाचलं.

संध्याकाळी वडील घरी आले तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"अहो, तुमाला ठाव हुतं?"

वडील म्हणाले, "हुतं."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

वडील उंबऱ्यात बसले. म्हणाले, "सांगणार हुतो."

आई माझ्याकडे वळली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तुला सायन्स नको हुतं तर नको म्हणायचं. मी काय मारणार हुते का? तीन महिने तू मला चित्रं दाखवत बसलीस."

मी रडले. ती रडली नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस ती आम्हा दोघांशी कामापुरतं बोलली. रोज जेवणानंतर ताटाशेजारी गोळी ठेवायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. त्या काळात आमच्यात एवढाच नियमित व्यवहार होता.

मग एका दुपारी ती आपण होऊन कॉलेजात आली. आशाची गुलाबी साडी नेसलेली, खांद्याला पिशवी. कॉमर्सचे सर वर्गातून बाहेर येत होते. मी फळा पुसत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"सर, मी हिची आई. हिचं पुढं काय व्हईल?"

"ते मी आज सांगू शकत नाही, ताई," सर म्हणाले.

"डॉक्टर झाली असती का?"

सर म्हणाले, "तेही मला सांगता यायचं नाही. पण ही एकदा दारात उभी राहून बोलली. न विचारता. इथं तसं कोणी बोलत नाही."

आईने विचारलं, "काय बोलली?"

सरांनी तिला साखरेच्या पोत्यांचं सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, मग विचारलं, "आन् ते बरोबर हुतं?"

"अगदी बरोबर."

"बरं," आई म्हणाली आणि निघून गेली. घरी तिने या भेटीचा विषय काढला नाही. मात्र लातूरचा विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि माझी कॉमर्सची पुस्तकं घरी आली.

बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा होता. केंद्राबाहेर सायन्सची मुलं गाड्यांतून उतरली. दोन वर्षं पटावर असलेली नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा चेहऱ्यांसकट पाहिली. माझ्यासकट आमच्या बारा जणांतले नऊ पास झाले. मला दहावीपेक्षा कमी टक्के पडले. शेजारणींनी या वेळी काही विचारलं नाही. वडिलांनी पेढे आणले, थोडेच, आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला आधी दिले.

अंबाजोगाईला मी बी.कॉम. केलं. सीएच्या पहिल्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा राहिले. आता बीडला एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. छोट्या दुकानदारांची विवरणपत्रं भरते. काम मला आवडतं. भौतिकशास्त्राला आणखी एक वर्ष दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार कधीतरी येतो, पण त्याचा त्रास होत नाही.

आईने माझा निर्णय बरोबर होता असं कधी म्हटलं नाही. चूक होता असंही म्हटलं नाही. गेल्या वर्षी मी सुट्टीला घरी गेले होते, तेव्हा एक बाई दहावी झालेल्या मुलीला घेऊन तिच्याकडे आली होती. मुलीने काय घ्यावं, असं ती विचारत होती. आई पदराने हात पुसत बाहेर आली. मी आतल्या खोलीत होते. आई काय सांगते ते ऐकायला मी थांबले.

"मला कावून इचारता?" आई त्या बाईला म्हणाली. "पोर समोर बसलीय की. तिला इचारा."

मुलीने त्या बाईकडे बघितलं. आई मुलीसमोर पाट ओढून बसली आणि ती काय बोलते याची वाट बघू लागली.