पीण्याला जाणाऱ्या बसमधली अक्का

नव्वदच्या दशकात बेंगळुरूमधल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या बसमध्ये एक बाई मला रोज भेटायची. बेळगावकडची, पन्नाशीची. नवरा गेल्यावर त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप तीच चालवत होती. नाव मी कधी विचारलं नाही, अक्काच म्हणायचो. तेलाचा काळेपणा मुरलेली बोटं ती बोलताना एकमेकांवर घासत राहायची.

तिचा सगळा माल एकाच मोठ्या कारखान्याला जायचा. परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि त्या कारखान्यानं ऑर्डरी थांबवल्या. वर्कशॉपमधले चार कामगार रिकामे बसले. मग अक्का पिशवीत एक लोखंडी दांडा घालून वाटेतच उतरू लागली. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरमध्ये बसणारा तो दांडा ती दुकानादुकानांत दाखवायची. बरेच जण बघायचेही नाहीत.

"जमेल का हे?" मी विचारलं.

"मशीनला काय ठाऊक अण्णा, दांडा कारखान्याचा का पिठाचा?"

हळूहळू जमलं. कामगार एकही गेला नाही. वर्षभरानं कारखान्याचा माणूस ऑर्डर घेऊन परत आल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "सुटलात की अक्का!"

"निम्माच माल देणार म्हणून सांगितलंय त्यांना," ती म्हणाली. "सगळं एकाच दारात नेऊन टाकायचं नाही आता."

आणि ती उतरून गेली. माझी भाकरी तेव्हा एकाच कंपनीवर होती. त्या दिवशी कामात माझं लक्ष लागलं नाही.