पानगळीतली दुसरी परीक्षा

"पन्नासपैकी अकरा," कारखानीस साहेब म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तेही झाडं ओळखण्यात. जंगलखात्याच्या माणसाला."

मी उभाच होतो. बसायला सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या सुरुवातीची. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. कळसाडीच्या आमच्या कापूसवाल्या घरातला मी पहिला बी.एस्सी. तळोद्याच्या रेंज ऑफिसात कारखानीस साहेबांच्या हाताखाली क्लार्क म्हणून लागलो होतो आणि रेंजर व्हायचं मनात होतं. रेंजर म्हणजे जंगलाच्या एका मोठ्या तुकड्याचा अधिकारी. त्यासाठी देहरादूनला दोन वर्षं शिकावं लागे, आणि तिथं जाण्याआधी इलाख्याची निवड परीक्षा द्यावी लागे. लेखी वेगळी, जंगलातली वेगळी. दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हायला हवं. लेखीत मी वर होतो. जंगलात आपटलो.

"पुन्हा बसता येईल ना, साहेब?"

"एकदाच. पुढच्या परीक्षेनंतर तुझं वय उलटतं. काय करणार आहेस?"

मी योजना करूनच आलो होतो. वनस्पतिशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं मागवायची, रोज सकाळी चार तास वाचायचं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"पुस्तकात तुला मार्क आहेतच की. जिथं नाहीत तिथलं बोल. परीक्षेच्या टेबलावर काय ठेवलं होतं?"

मला नीट आठवत होतं. वीस नग होते. नुसत्या काड्या आणि सालीचे तुकडे. परीक्षा फाल्गुनात झाली होती, झाडांवर पान नव्हतं. मी मात्र सगळी झाडं पानांवरून शिकलो होतो. पान दाखवलं असतं तर लॅटिन नावही घडाघडा म्हटलं असतं. नंतर एका उभ्या झाडात किती घनफूट लाकूड निघेल, ते नुसतं बघून सांगायचं होतं. मी जवळजवळ दुप्पट सांगितलं होतं.

साहेबांनी थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. "दिवाळीनंतर टेबल सोड. कूपावर जा. तिथं दोहऱ्या आहे. त्याच्याबरोबर राहा."

कूप म्हणजे एका वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा पट्टा. कोणतं झाड तोडायचं ते आधी ठरवून त्यावर सरकारी शिक्का मारतात. दोहऱ्या त्या कामावरचा जुना माणूस. पावरा, साठीच्या आसपासचा, सातपुड्याच्या आतल्या पाड्यावरचा. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी अहिराणी. माझी घरची बोली तीच, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. अडचण माझ्या डोक्यात होती. मला अक्षर न येणाऱ्या माणसाकडे शिकायला पाठवलं, हे मला लागलं होतं. शिवाय तो मला सरळ 'तू' म्हणायचा. त्याच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच, हे मला फार उशिरा समजलं. मी त्याला 'तू' म्हणत होतो, त्याचं मात्र मला काही वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी वही काढली. त्यानं ती बघितली आणि म्हणाला, "डोया मिट."

"काय?"

"डोया मिट. हात लाव."

त्यानं माझा तळवा एका खोडावर टेकवला. खवल्याखवल्यांची, मगरीच्या पाठीसारखी साल. "सादडा." पुढचं झाड गुळगुळीत, गार. "धावडा." तिसऱ्याची साल कागदासारखी सुटून बोटात आली आणि धुपाचा वास सुटला. "सलई." महिनाभर हेच चाललं. साल हातानं, गाभा वासानं, डिंक जिभेनं. कुऱ्हाडीची पाठ खोडावर ठोकून आवाज ऐकायचा. भरीव झाड टणक बोलतं, पोकळ झाड ढब्ब वाजतं.

घेराचा अंदाज तो मिठीवरून करायचा. "दीड मिठी," म्हणायचा. मी एकदा टेप लावून त्याची मिठी मोजली. पाच फूट दोन इंच भरली. मग मी माझी मोजली आणि त्या दिवसापासून झाडाला मिठी मारायला लाजलो नाही. आधी अंदाज सांगायचा, मग टेप लावायची. रोज दहा झाडं. माझे आकडे हळूहळू जमिनीवर आले.

माघात पुढच्या कूपाचं मार्किंग निघालं. मला शिक्क्याचा हातोडा मिळाला. कुऱ्हाडीनं साल तासायची, उघड्या लाकडावर शिक्का मारायचा, झाडाचा नंबर रजिस्टरात लिहायचा. पानं झडली होती आणि मी भलताच खुशीत होतो. सहा सादडे भराभर मारले. दोहऱ्या मागून सावकाश येत होता. तो एका झाडापाशी थांबला.

"बाबू, मांगे ये."

मी परत गेलो. तासलेल्या जागेवर पांढरं दूध जमलं होतं.

"सादडाले दूध ऱ्हास का?"

मी दुधाला बोट लावलं. तो मोह होता. मोह तोडायचा नाही असा नियमच होता, आणि नियम नसता तरी ते पाप होतं. त्याची फुलं वेचून पाड्यावरची माणसं वाईट महिने काढायची. बाकीची पाच झाडं पाहिली. आणखी एक मोह निघाला. दूध यायला क्षणभर लागतं. मी तेवढाही थांबलो नव्हतो.

शिक्का बसला की ठेकेदाराची माणसं विचारत नाहीत, पाडतात. आणि मारलेला शिक्का कुणी परस्पर तासला तर तो गुन्हा. साहेबांना कळवलं तर परीक्षेची शिफारस गेली. शिफारसपत्राशिवाय अर्जच घेत नसत.

"तासून टाक," मी हळूच म्हणालो. "रजिस्टरचं मी बघतो."

दोहऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. रागानं नाही, शांतपणे. "शिक्का मी तासू, आनि चोर बी मीच? नही बाबू. सायेबले सांग. आतेच जा."

मला स्वतःची फार लाज वाटली. पकडलं गेलं असतं तर तुरुंगात तो गेला असता, मी नव्हे. हे त्याला चटकन दिसलं. बी.एस्सी.ला दिसलं नाही.

मी दुपारीच तळोद्याला चालत निघालो आणि साहेबांपुढे सगळं सांगितलं. तासून टाक म्हणालो होतो, तेही सांगितलं. साहेबांनी दोन्ही झाडांचे नंबर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यावरून कूपावर आले, दोन्ही शिक्के स्वतःच्या हातानं तासले, रजिस्टरात कारण लिहून सही केली. मग माझ्याकडे वळले.

"तुझ्या शिफारशीचा मसुदा टेबलावर आहे. त्यात मी लिहिलं होतं, 'चुका करत नाही.' ते खोडतो. 'चूक झाली तर कळवतो' असं घालतो. चालेल?"

मी मान हलवली.

दोहऱ्यापाशी गेलो आणि म्हणालो, "दादा, माझं चुकलं." त्यानं नुसतं पुढच्या झाडाकडे बोट केलं. आमचं काम पुन्हा सुरू झालं. शिक्का मारण्याआधी मी आता मनात वीस आकडे मोजायचो.

फाल्गुनात धुळ्याला परीक्षा झाली. पुन्हा वीस नग. मी पहिला सालीचा तुकडा उचलून नाकाशी नेला तेव्हा शेजारचा उमेदवार हसला. वीसपैकी सतरा बरोबर आले. मग जंगलात नेऊन परीक्षकांनी एक जाड साग दाखवला. "किती लाकूड?" मी मिठी मारली, मग परवानगी घेऊन कुऱ्हाडीची पाठ ठोकली. खाली ढब्ब वाजलं. म्हणालो, "बुंध्याचे चार फूट पोकळ आहेत साहेब, तेवढं वजा करतो."

"हे कुणी शिकवलं?"

"दोहऱ्यादादांनी. आमच्या कूपावर असतात."

परीक्षकांना बहुधा एखाद्या प्रोफेसरचं नाव अपेक्षित होतं. पन्नासपैकी अडतीस मिळाले. निवड झाली.

निघण्याआधी मी पाड्यावर गेलो. सोबत नवं धोतर आणि गूळ नेला होता. दादांनी गूळ तिथल्या तिथे सगळ्यांना वाटला.

"तठे कोनतं जंगल शे?" त्यांनी विचारलं.

"वेगळंच आहे, दादा. तिथली झाडं मी कधी बघितली नाहीत."

"मंग तठे बी कोनी तरी ऱ्हात व्हई. त्याले इचारजो."

देहरादूनला पोचल्यावर मी पुस्तकं नंतर घेतली. आधी एक लाकूडतोड्या शोधला. पुढे तीस वर्षं रेंज सांभाळल्या, बदल्या झाल्या, दर ठिकाणी हेच केलं आणि एकदाही पस्तावलो नाही.

नापास झालेले उमेदवार माझ्याकडे यायचे. मार्क नेमके कुठं गेले ते बघायला मी त्यांना आधी मार्कांचा कागद दाखवायला सांगायचो. बहुतेकांनी तो घरी ठेवलेला असायचा.