भिंतीकडे तोंड केलेला गणपती

मयूर विहारच्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात सुखदा तिथे भाड्यानं राहायला आली. दिल्लीच्या मे महिन्यात बरसातीत राहायला कबूल होणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर मानी. सुखदा मानी होती. मूळची पुण्याची, नोएडात एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. सख्खी मावशी करोल बागेत होती, तरी "कुणाच्या मेहेरबानीवर नको, काकू," म्हणाली. डाळ करपवायची आणि करपलेली निमूटपणे खायची. सामान म्हणजे दोन बॅगा आणि आईनं दिलेली गणपतीची तसबीर.

तिच्याच ऑफिसात आशय होता. बोलका, नकला करण्यात पटाईत. रविवारी दोघं माझ्याकडे पोहे खायला यायची आणि नंतर गच्चीवर जायची. मला कळत नव्हतं असं नाही. सज्ञान पोरं, दिवाळीत घरी सांगणार होती. मी कोण मध्ये बोलणार? मला त्याचा राग कधीच आला नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

तेव्हा केबल घरोघरी पोचली होती. रोज संध्याकाळी तरुण पोरापोरींच्या विनोदी मालिका लागायच्या. आधी परदेशी, मग त्यांच्या आपल्याकडच्या नकला. चार-पाच जण एका फ्लॅटमध्ये, आज ही याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर. कुणी सोडून गेलं, हसा. कुणाला दिवस गेल्याची शंका आली, तरी हसा. ते हसूसुद्धा डब्यात भरून ठेवलेलं. कुणाची आई रडत नाही, कुणाचं काही मोडत नाही, आणि घरमालकीण असलीच तर ती येडपट! आशय त्यातलं वाक्य न् वाक्य पाठ म्हणून दाखवायचा. सुखदा हसायची. मीही हसले असेन.

त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी गुलाबराव यांनी गणेशोत्सवात तरुणांचं नाटुकलं ठेवलं. लिहिलं आशयनं, नायकही तोच. "सेटवर भिंतीला लावायला हवी," म्हणून तो सुखदाची तसबीर मागून घेऊन गेला. तिनं ओढणीनं काच पुसून दिली.

मांडव भरला होता. सुखदा माझ्या शेजारी बसली होती. पडदा उघडला तर एका मुलीची खोली. दारावर टकटक झाली, नायक आत आला. मुलगी लाजत भिंतीशी गेली, गणपतीची तसबीर उलटी फिरवली आणि म्हणाली, "बाप्पा, तू जरा तिकडे बघ हं."

मांडव फुटला हसून. कमी पडू नये म्हणून टेपवर भरलेलं हसूही स्पीकरमधून वाजलं. मीसुद्धा तोंडाला पदर लावला. मग दुसरा मुलगा आला, तिनं परत तसबीर फिरवली. तिसरा आला. बायका डोळे पुसत होत्या हसून हसून. मी सुखदाकडे पाहिलं आणि तोंडावरचा पदर खाली घेतला. पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

ती उठली आणि थेट स्टेजवर गेली. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच.

"आशय, पुढचं का नाही लिहिलंस?"

"सुखदा, प्लीज यार. खाली जा. नंतर बोलू."

"मी तसबीर फिरवली तेव्हा तूच ती सरळ केलीस. म्हणालास, याच्या देखत सांगतो, लग्न करीन तर तुझ्याशीच. ते कुठाय?"

"अगं, जोक होता! तुझं नाव होतं का कुठे? कुणाला कळलं असतं? आता तूच..."

"त्यात हसण्यासारखं नव्हतं, म्हणून गाळलंस?"

टेपवाल्याला काय कळणार? त्यानं ठरल्याप्रमाणे हसू सोडलं. भरल्या मांडवात माणसं गप्प आणि स्पीकर खो-खो हसतोय. सुखदानं तसबीर खिळ्यावरून काढली, छातीशी धरली आणि ती चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव हजर. "वहिनी, त्या मुलीला जागा खाली करायला सांगा. मंडळाची शोभा झाली."

"आणि आशयला काय सांगितलंत?"

"तो काय, मुलगा आहे हो. गमतीत लिहून गेला. संवाद छानच होते बाकी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं विश्वासानं जे केलं, ते यानं चव्हाट्यावर मांडलं, वर तिला तीन-तीन मुलगे चिकटवले. त्याचे संवाद छान, आणि निर्लज्ज ती! गुलाबरावांना मी चहासुद्धा विचारला नाही. आमच्या घरातून चहाशिवाय परत गेलेला तो पहिलाच माणूस.

मग सुखदाला आरतीचा प्रसाद द्यायला वर गेले, तर बरसातीच्या दारात आशय उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"मी आजच घरी फोन करतो," तो म्हणत होता. "बिल्कुल आजच. पुढच्या महिन्यात लग्न करू. हे बघ, याच्या देखत सांगतो..." आणि त्यानं आतल्या तसबिरीकडे हात केला. ती आपल्या खिळ्यावर, सरळ होती.

"एकदा सांगितलं होतंस," सुखदा म्हणाली. "तेच त्याला परत कशाला ऐकवतोस?"

तो जिना उतरेपर्यंत तिनं दार उघडंच ठेवलं.